परत घेतलेली हाक

चैत्र शु. ११, सोमवार

आजपासून शाळा सकाळची. ऊन वाढलं की दरवर्षी होते. मागल्या वर्षी हे काम माझ्याकडे नव्हतं, म्हणून कळलं नाही की सकाळची शाळा म्हणजे माझी पहाट गेली.

काम एवढंच. माळीपुऱ्यातल्या आणि मारुतीमागच्या गल्लीतल्या मुलींना दारोदार हाका मारायच्या, गोळा करायच्या, घंटेच्या आत शाळेत पोचवायच्या. सुटल्यावर परत घरी. आज घंटा झाली तेव्हा आम्ही अजून पिंपळापाशी. मोठ्या बाई ओट्यावर उभ्या होत्या. मुली आत गेल्यावर म्हणाल्या, "गिरजाबाई, दुपारच्या शाळेत चाललं, आता नाही चालायचं. वरून साहेब येतात ते हजेरी बघतात. मुली आल्या नाहीत तर शाळा कुणासाठी? तुम्हाला जमत नसेल तर आत्ताच सांगा, मी दुसरी बाई बघते."

"जमतं," म्हणाले.

हे काम गेलं तर नांदुऱ्यात राहायला कारण नाही. मग पिंपळगावला, दिराच्या घरी. दीर वाईट नाही. मारणार नाही, उपाशी ठेवणार नाही. पण यांची आत्या माझ्यासारखीच विधवा होऊन त्याच घरात आली आणि कोठीच्या अंधारात बसून गेली. शेवटी शेवटी तिला नावानं हाक मारणारं कोणी नव्हतं. "ती आतली" म्हणायचे.

चैत्र शु. १२, मंगळवार

पहाट कशी लावायची ते ठरवलं. भाकरी रात्रीच थापून फडक्यात. पाणी दिवेलागणीला भरून. दळण मात्र पहाटेच, दिवसा उन्हात जातं ओढवत नाही. मग झाडलोट, अंघोळ, मग एक पान. मग निघायचं.

पान सोडायचं नाही. बाकी काहीही राहिलं तरी. चौथीचं पुस्तक मोठ्या बाईंनी दिलं आहे, पाठची पानं फाटलेली. एक पान वाचलं की दिवसभर कोणीतरी सोबत असल्यासारखं वाटतं.

ठमाबाईच्या परसातल्या खोलीत राहते, तेव्हा काही लपत नाही. संध्याकाळी घागरी भरताना पाहून म्हणाली, "काय वं गिरजे, रेल्वाईवाला गेला, पन तुह्यं टायमाचं याड काही गेलं नाही."

खरं आहे. हे होते तेव्हा घड्याळ लागत नव्हतं. रुळांचे सांधे बदलणारा माणूस झोपेतही गाडी ऐकतो. आता कोंबडा आणि माझी झोप. जिनाच्या कारखान्याचा भोंगा असता तरी चाललं असतं. कापसाचा हंगाम संपला, भोंगा बंद.

चैत्र शु. १४, गुरुवार

जमलं. आज घंटेच्या आधी पोचलो. मोठ्या बाई काही बोलल्या नाहीत, म्हणजे ठीक.

सगळ्यात आधी साळूचं घर. माळीपुऱ्याच्या तोंडाशीच आहे. तिला एक हाक पुरते. "ओ मावशी, आली, आली!" तोंडात घास, एका हातात पाटी, वेणी अर्धी. तिची माय आतून ओरडते, "पोट्टे, खाऊन तं जाय!" तोवर ही रस्त्यावर. साळू निघाली की माळीपुऱ्यातली बाकीची दारं आपोआप उघडतात. सगळा पुरा तिच्या दाराकडं पाहून चालतो.

पान वाचलं. दोन शब्द अडले. यांना विचारता आलं नसतं, यांना अक्षर येत नव्हतं. पण मी स्टेशनच्या पाटीवर, गोण्यांवर अक्षरं लावत बसायची तेव्हा हे शेजारी उकिडवे बसून ऐकायचे. जणू मीच गाडी आणते आहे.

चैत्र व. १, शनिवार

ठमाबाईनं विहिरीवर सांगितलं. स्टेशनापलीकडच्या वस्तीत माणसं मेली. ढाळ, उलट्या, एका दिवसात. मी म्हणाले, पटकी असेल.

"पटकी कशाची वं. हाकामारी हाय. पहाटचं येते, दाराशी उभी राह्यते, नाव घेऊन हाक देते. आवाज ओळखीचाच. ओ देल्ली का संपलं."

"मग ओळखायचं कसं?"

"एकच हाक असन तं ते. तीनदा आली तं मानूस. तीन झाल्याशिवाय ओ द्याची नाही." मग माझ्याकडं पाहून थांबली. हसली. "तुहं कामच हाकेचं, नाही का?"

मीही हसले.

चैत्र व. ३, सोमवार

कोणी ओ देत नाही. आतून हालचाल कळते, भांडं वाजतं, पण ओ नाही. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या हाकेनंतर कडी निघते. प्रत्येक दाराशी तेच. पोचायला उशीर. घंटा होऊन गेलेली. मोठ्या बाईंनी दाराशी उभं राहून एकेक मुलगी आत सोडली, मला काही म्हणाल्या नाहीत. ते जास्त वाईट.

फक्त साळू पहिल्या हाकेला बाहेर. मी म्हणाले, "तुला मायनं सांगितलं नाही का, तीन हाका थांब म्हणून?"

"सांगितलं. पन तूच तं असतेस."

चैत्र व. ४, मंगळवार

लवकर निघायचं. दुसरा उपाय नाही. तीन तीन हाका म्हणजे तिप्पट वेळ. म्हणजे आणखी अंधारात जाग यायला हवी. जितकं लवकर निघेन तितकी अंधारात हाक. जितकी अंधारात हाक तितके लोक भितात. आणि भ्याले की आणखी उशीर. हे कुठं जाऊन थांबणार.

ठमाबाई: "अंधारात जातं दळत जाऊ नको वं गिरजे. पोरं दचकतात."

चैत्र व. ५, बुधवार

लिहू नये असं वाटतं. लिहिते.

जाग आली तेव्हा भिंत पांढरी झालेली. उशीर झाला असं वाटलं. दळण नाही, पान नाही, चूळ भरली आणि निघाले. रस्ता लख्ख. साळूच्या दाराशी हाक मारली. एकच. ती बाहेर आली, डोळे चोळत, पाटी घेऊन.

दोनचार पावलं गेलो. साळू म्हणाली, "मावशी, आज चिमण्या काऊन नाही बोलून राह्यल्या?"

वर पाहिलं. चंद्र डोक्यावर. ती पहाट नव्हती, चांदणं होतं.

तिला हाताला धरून मागं नेलं. दारात तिची माय उभी, कडेवर तान्हं, हातात चिमणीचा दिवा. "एवढ्या रातचं कोनं हाक देल्ली?"

"मी. माझी चूक झाली, चांदण्याला..."

तिनं ऐकलं नाही. साळूला दंडाला धरून आत ओढलं. कडी लागली. आतून अडसरही लावल्याचा आवाज.

घरी येऊन भिंतीला टेकून बसले. कोंबडा आरवायला किती वेळ लागला.

चैत्र व. ६, गुरुवार

साळू आली नाही. हाक मारली नाही मी, धीर झाला नाही, नुसती दाराशी थांबले. आतून माय म्हणाली, "आंग तापलं तिचं. जाय तू."

माळीपुऱ्यातल्या दोघीच आल्या.

चैत्र व. ७, शुक्रवार

ताप उतरत नाही म्हणतात. डोळे लाल. पाणी मागते. हे मला ठमाबाईनं सांगितलं, भिंतीपलीकडून, समोर न येता.

दारांवर कडुलिंबाचे डहाळे. काहींनी फाटका जोडा उलटा टांगला आहे. माझ्या उंबऱ्यावर सकाळी लिंबू कापून ठेवलेलं, कुंकू घातलेलं. हात न लावता काडीनं उचलून बाहेर टाकलं. मग वाटलं, काडी कुठं टाकू.

मोठ्या बाई: "गिरजाबाई, तुम्ही वाचता ना? मग असल्या गोष्टी..."

काय सांगणार. वाचते पहाटेचं एक पान. भीती दिवसभर असते.

चैत्र व. ९, रविवार

सुट्टी. तरी तीच जाग. दळलं, अगदी हळू, दगडाचा आवाज होऊ नये म्हणून मूठ मूठ घालत. अंघोळ. पान वाचलं, एक अक्षर मनात गेलं नाही.

दुपारी साळूच्या घरी गेले. दारात बसून राहिले. तिचा बाप किसन मोटेवर होता, मळ्यातून पाण्याचा आवाज येत होता. माय बाहेर आली. तिच्या तोंडाकडं पाहवेना. रात्रभर झोपलेली नव्हती.

म्हणाली, "आंगावर पुरळ आलं."

मला सुटल्यासारखं झालं. "गोवर आहे मग. माळीपुऱ्यात सगळ्या पोरांना येतो या दिवसांत. कडुलिंबाच्या पाल्यात..."

"गोवर असन. पन कोनं आनला?" मग खाली बसली, माझ्यासमोर. आवाज एकदम लहान. "गिरजामावशी, तू हाक देल्ली. तूच वापस घे."

"कशी घेतात परत?"

"म्हाताऱ्या सांगतात. तांबडं फुटाच्या आंदी दाराकडं पाठ करून उभं राह्याचं. तीन बार म्हनाचं, म्या बोलावलं नाही, घरीच राय. ज्यानं देल्ली त्यानंच." आणि मग, "मले तुह्यावर राग नाही वं. मले पोट्टी पाह्यजे."

आत साळू कण्हत होती. तिनं माझा आवाज ऐकला असेल का.

चैत्र व. ९, त्याच दिवशी, दिवे लागल्यावर

काय करायचं ते ठरेना म्हणून लिहीत बसले. हाक परत घेतली म्हणजे ती हाक माझी होती हे मी साऱ्या पुऱ्यासमोर कबूल केलं. मग मी तीच. कोणाच्या दाराशी उभं राहू शकणार नाही, काम गेलंच. नाही घेतली आणि साळूला काही झालं तर

चैत्र व. १०, सोमवार

गेले. अंधार होता, चंद्र बारका. साळूच्या दाराकडं पाठ करून उभी राहिले. समोर सगळी दारं बंद, पण प्रत्येक फटीमागं कोणीतरी होतं. कसं कळलं सांगता येत नाही. कळलं.

"साळू, म्या बोलावलं नाही. घरीच राय." तीनदा. तिसऱ्यांदा आवाज फुटला. कोरडा, दुसऱ्या कुणाचा तरी.

मागं कडी निघाली. माय म्हणाली, "देवी माय तुह्यं भलं करो." आणि कडी लागली.

शाळेत एकटीच गेले. मागं कोणी नाही. मोठ्या बाई माझ्या मागं पाहत राहिल्या, कोणी येतं का म्हणून.

चैत्र व. ११, मंगळवार

वाटलं होतं दगड मारतील. तसं झालं नाही. झालं ते निराळंच. मारुतीमागच्या गल्लीत एक एक बाई दारात येऊन उभी. "आमच्या पोट्टीचीबी हाक वापस घे वं माय." "आमच्या गंगीची घे." कोणी सुपात ज्वारी घेऊन, कोणी नारळ. मला हात जोडतात. जिनं लिंबू ठेवलं असेल तीही असेल त्यांत.

एकजण पाया पडायला वाकली तेव्हा मी मागं सरले. भीती वाटली मला तिची. ज्याच्या पाया पडतात त्याला एक दिवस जाळतातही.

नाही म्हणवेना. दारोदार पाठ करून उभी राहिले. म्या बोलावलं नाही, घरीच राय. शाळेच्या बाईनं मुलींना घरी राहा म्हणून सांगत फिरायचं.

मोठ्या बाईंना कळलंच. "तुम्ही शाळेची बाई आहात की देवऋषी?" पहिल्यांदा मोठ्यानं बोलल्या. "मी नोकरीवर ठेवलं ते मुली आणायला." मग शांतपणे, "अक्षय्य तृतीया होऊ दे. तोवर बघते. त्यानंतर मला वर कळवावं लागेल."

त्यांचंही खरं. मुली नसतील तर त्याही नाहीत.

चैत्र व. १३, गुरुवार

आज मला हाक आली.

दळत होते. जात्याचा आवाज थांबला तेव्हा रुळांकडून, "गिरजे". एकच. हे रात्रपाळी करून यायचे तेव्हा वळणावरूनच हाक द्यायचे, एकच, म्हणजे मी पाणी तापत ठेवावं. तोच आवाज. सर्दी झाल्यावर जसा बसायचा तसा.

तोंडावर पदर दाबून धरला. पीठ सांडलं. दुसरी हाक आली नाही.

उजाडल्यावर वाटलं, ओ दिली असती तर. भ्याले म्हणून दिली नाही. ते खरंच आले असते तर, माझी ओ आली नाही म्हणून परत फिरले असतील.

ताप आला असेल म्हणून अंगाला हात लावून पाहिला. नाही.

साळूचा ताप आज कमी, ठमाबाई सांगते. "हाक वापस घेतली म्हून." मलाही थोडं तसंच वाटलं, हे कुणाला सांगू.

चैत्र अमावास्या, शनिवार

दीर आला, सरकीची गाडी घेऊन. ओट्याखालीच उभा राहिला. "वैनी, बोभाटा झाला. पार पिंपळगावपावतर आला. लोक मले इचारून राह्यले, तुमची भावजय का म्हून." मी पाणी दिलं. प्याला. तांब्या खाली ठेवताना म्हणाला, "इथं तुमाले काही झालं तं म्या दादाले काय तोंड दाखवू? आखजीच्या पुढच्या सोमवारी गाडी आनतो. सामान बांधून ठेवा."

चांगलाच बोलला. तेच तर. वाईट बोलला असता तर भांडता आलं असतं.

सामान काय आहे. जातं जड आहे, तेवढंच.

वैशाख शु. १, रविवार

सुट्टी असून उठले. शाळेला मुली नाहीत तरी उठत होतेच सगळे दिवस. दळण, झाडलोट, अंघोळ, पान. न उठता पडून राहिलं तर पिंपळगाव आत्ताच सुरू झालं असं वाटतं. पानात आज नदीचं वर्णन होतं. दोनदा वाचलं.

वैशाख शु. २, सोमवार

काय झालं ते नीट लिहिते.

हाक मारता येत नाही, सगळ्यांची परत घेतलेली. मग नुसती फेरी मारायची ठरवलं. वाट सोडली नाही एवढं तरी मोठ्या बाईंना सांगता येईल. अंधार गच्च, अमावास्येला दोनच दिवस झालेले. मारुतीमागच्या गल्लीत शिरले आणि पाय उचलेना. कुत्रं रडत होतं. मला वाटलं आता पुन्हा तीच हाक येणार. काहीतरी बोलत राहावं म्हणून तोंडाला आलं ते म्हणू लागले, आणि आले ते पाढे. शाळेच्या ओट्यावर मुली सुटायची वाट पाहत बसून ऐकलेले. मोठ्यानं. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एकावन्न, सतरा चोक बहात्तर.

डाव्या हाताच्या बंद दारामागून, "अडुसष्ट!"

जागच्या जागी थांबले.

"मावशी, अडुसष्ट! बहात्तर अठराचे!" वच्छी होती, तेल्याची. मग आत कोणीतरी तिच्या पाठीत घातली बहुतेक, धप्प आवाज झाला. वच्छीचं रडणं, आणि तिच्या मायचं, "ओ काऊन देल्ली पोट्टे, ओ काऊन देल्ली?"

"ओ कुठं देल्ली, माय? हाकच नाही आली! ते चुकली म्हून सांगितलं!"

मी रस्त्यावर उभी. दिव्याची रेघ दाराखालून सरकली. मग तिची माय दार किलकिलं करून, मला नीट न पाहता, "हाकामारी पाढे म्हनते का वं?"

"मला नाही माहीत," म्हणाले. खरंच माहीत नव्हतं.

"चुकीचे तं नसन म्हनत," ती म्हणाली. आणि वच्छीला बाहेर ढकललं.

एक मुलगी घेऊन शाळेत गेले.

वैशाख शु. ३, आखजी

सुट्टी. अक्षय्य तृतीया, म्हणून यांच्या नावानं घागर भरली. पाण्यात वाळा टाकला, वर डांगराचं फळ ठेवलं. पुरणाचा घास काढला. कावळा लगेच आला, भीत भीत नाही, सरळ आला.

त्या पहाटे ओ दिली नाही, ते बोलून टाकलं घागरीशी. रडले. ठमाबाई भिंतीपलीकडं होती, ऐकत असणार. थोड्या वेळानं भिंतीवरून वाटीभर आंब्याचा रस आला.

वैशाख शु. ५, गुरुवार

मारुतीमागची गल्ली येऊ लागली. मी पाढे म्हणत जाते, नाव कुणाचंही घेत नाही. मुली आतून चुका काढतात. आज एकीनं ओरडून सांगितलं, "मावशी, एकोनतीसचा म्हन, तो तुले येतच नाही!" दारं हसत होती. आया म्हणतात, हाकच नाही देल्ली, तं घेनार काय ते?

आता म्हणताना घसा मोकळा असतो. पण गल्ली संपून माळीपुरा लागला की आवाज आपोआप बसतो. तिथं एकही दार हलत नाही. सगळे साळूच्या दाराकडं पाहतात आणि साळूचं दार बंद आहे. गोवर उतरला, न्हाऊ घातलं, पुरळ मावळलं म्हणतात. पोरगी खाते. पण बाहेर नाही.

मोठ्या बाई: "निम्मी शाळा माळीपुऱ्याची आहे, गिरजाबाई. सोमवारपर्यंत बघते. अक्षय्य तृतीया म्हटलं होतं, मी थांबले." त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं आहे. त्याही झोपत नसाव्यात.

सोमवारीच दिराची गाडी.

वैशाख शु. ७, शनिवार

साळूच्या दाराशी पाढा थांबवून पाहिला. मुद्दाम चूक केली. आतून आवाज नाही. बाजेची दोरी करकरली, कोणीतरी उठून बसलं. मग परत काही नाही. मी थोडा वेळ उभी राहिले. ज्या जागी पाठ करून उभी होते तीच जागा. पाय तिथं टिकेनात.

वैशाख शु. ८, रविवार

साळूची माय विहिरीवर भेटली. तान्हं पाठीशी बांधलेलं. मी घागर उचलून निघाले तर म्हणाली, "थांब वं."

थांबले.

"पोट्टी काही ऐकत नाही. रडून राह्यली. म्हनते, मले मावशीनं घरी राय म्हटलं, तीन बार. आता ते ये म्हनन तवाच येतो. पाढे नाही चालत तिले. हाक पाह्यजे."

"मी कशी देऊ? तूच परत घ्यायला लावलीस."

"हाव. म्याच." घागरीच्या काठावर तिचं बोट फिरत होतं. "उद्या दे. एकच दे, पहिल्यासारखी. ओ म्या देईन."

"तू?"

"पोट्टीच्या आंदी म्या ओ देईन. हाक घ्याची तं मले घेवो."

तान्ह्यानं डोकं वर करून माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "असं काही नसतं." आम्ही दोघी घागरी घेऊन दोन वाटांनी गेलो.

वैशाख शु. ९, सोमवार, पहाट

दळण झालं. अंघोळ झाली. पान वाचलं नाही, त्या वेळात हे लिहिते आहे.

मोठ्या बाईंना वाटतं, मी वाचते म्हणजे माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. यांची हाक ऐकून तोंडावर पदर दाबणारीही मीच होते. साळूला गोवर होता. गोवर या दिवसांत येतो. हे मला माहीत आहे, आणि तरी वाटतं की त्या दिवशी मी पाठ केली म्हणून तो उतरला. ते खरं असेल तर आज मी तोंड केलं की काय होईल? ते खोटं असेल तर भिते कशाला?

ओ साळूनं दिली असती तर वेगळं होतं. ओ तिची माय देणार. तिच्या पाठीशी तान्हं. उद्या परवा तिला नुसती शिंक आली तरी मी रात्रभर बसेन. स्टेशनापलीकडं कालही एक माणूस गेलं. पटकीनं. पटकीनंच.

हाक नाही दिली तर संध्याकाळी गाडीत बसून पिंपळगाव. तेही सोपं आहे. गाडीत बसायचं असतं फक्त.

आकाश पाहून आले. आज फसायला चंद्र नाही, बुडून गेला. पूर्वेला काळ्याचं करडं होत आहे, ही पहाटच आहे. दोनदा पाहिलं. चिमण्या बोलू लागल्या.

एकदाच हाक मारायची. तीनदा नाही. आवाज कसा ठेवायचा तेच ठरत नाही. मोठा केला तर पुरा जागा होईल, बारीक केला तर हाकामारीसारखा वाटेल. खोलीत एकदा म्हणून पाहिलं, "साळू". भिंतीपलीकडं ठमाबाईची बाज हलली. ती जागी आहे. ओ दिली नाही तिनं.

आता दार लोटून निघते.